भांडणातली हाक

"स्वरयंत्र काढावं लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "काढलेला आवाज ठेवता कुठे?"

डॉक्टरांना थट्टा कळली नाही. ते बिचारे गंभीरपणे समजावायला लागले की गळ्याला भोक राहील, श्वास तिथून चालेल, जीव वाचेल, पण बोलणं कायमचं जाईल, कुजबुजसुद्धा उरणार नाही. आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. आणि लेक पटकन बोलून गेली, "आवाज माझ्याकडे ठेवू."

बोलून गेली म्हणण्यापेक्षा फुशारकी मारून गेली म्हणणं जास्त खरं. पण त्या खोलीत त्या घटकेला कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तिला बोलण्यासारखं तेवढंच येत होतं. ती दिवसभर पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहायची. पायथॉन ही कंप्युटरला कामं सांगायची एक भाषा. नाव अजगराचं, स्वभाव गायीचा. तिची कंपनी मोठमोठ्या दुकानांना मालाच्या भावांचे प्रोग्राम करून द्यायची, आणि तिथे नवीन भरती झालेल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवायचं काम हिच्याकडेच होतं. थोडक्यात, बाई कामात पक्की होती. निदान सगळ्यांची, आणि तिची स्वतःची, तशी समजूत होती.

बाबांचा आवाज म्हणजे साधासुधा आवाज नव्हता. बसस्थानकावर उद्घोषक म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली. फलाट, गाडी, वेळ, उशीर, दिलगिरी, सगळं एका सुरात, एका ठेक्यात. लोकांना त्या आवाजाची इतकी सवय की बाबा दुकानात सुट्टे मागायला गेले तरी रांगेतली दोन माणसं सामान उचलून उभी राहायची. नोकरीच्या शेवटी शेवटी तिथे यंत्र आलं. बाबांनी आकडे, गावं आणि "कृपया" एकेकदा म्हणून त्या यंत्राला देऊन टाकले आणि घरी आले. "एकदाच म्हटलेला शब्द हा शब्द नव्हे," ते सांगायचे, "ती सूचना." घरी मात्र सुरांची चैन होती. साधं "चहा" म्हणायचं तरी त्यात विनंती, तक्रार, लाडीगोडी असे तीन मजले. आवाजाचा अभिमान तर इतका की सर्दी झाली तर फोन उचलायचे नाहीत.

ठरलं ते असं. एका टॅबवर शब्दांच्या चौकटी करायच्या. बाबांनी चौकटीला बोट लावलं की तो शब्द त्यांच्याच आवाजात ऐकू येईल. शस्त्रक्रियेआधी जेवढे शब्द म्हणून होतील तेवढे म्हणून ठेवायचे. बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शब्द लिहायला घेतले आणि पानामागून पान भरत गेले. पाणी, दुखतंय, नको, दिवा, उशी, बरं, शिव्या दोन (एक सौम्य, एक चारचौघांत ऐकवता येणार नाही अशी). पुढे पुढे तेच शब्द परत यायला लागले. "नको" चारदा, "हो" तीनदा, "अगं" पाचदा.

तिने ते सगळं टाइप केलं आणि सेटमध्ये घातलं. सेट म्हणजे पायथॉनमधली एक शिस्तीची पिशवी. तिच्यात काहीही ओता, एकदा आत असलेली वस्तू दुसऱ्यांदा घेत नाही. कॅलेंडरची पानंच्या पानं एका क्षणात निम्म्यावर आली. एरवी माणूस पेन घेऊन खाडाखोड करत बसला असता. तिने खुशीत बाबांना दाखवलं.

"बघा, तुमचे डबल शब्द काढून टाकले."

बाबांनी चष्मा वर केला. "कोणते काढलेस?"

"परत परत आलेले. 'अगं' तर तुम्ही पाच वेळा लिहिलं होतं."

"ते काय मला विसर पडतो म्हणून लिहिलं होतं?"

"मग?"

"पाचही वेगळे आहेत." बाबा बोटं मोजायला लागले. "एक दारातला. मी बाहेरून येतो आणि ती आत असते, तेव्हाचा. एक शोधाशोधीतला, चष्मा सापडत नाही तेव्हाचा. एक गुपितातला, शेजारी ऐकू नये असा. एक उगाचचा."

"उगाचचा म्हणजे?"

"म्हणजे काम काही नसतं. ती स्वयंपाकघरात असते आणि मला उगाच वाटतं की हाक मारावी. ती 'काय' म्हणते, मी 'काही नाही' म्हणतो. ऐक, असा बघ—"

त्याच वेळी ऑफिसचा फोन आला. ती बोट वर करून गॅलरीत गेली. एका दुकानात टूथपेस्टचा भाव चुकला होता आणि त्यावरून जगबुडी झाल्यासारखा आरडाओरडा चालला होता. ती परत आली तेव्हा बाबा उगाचचा म्हणून संपवून पाणी पीत बसले होते.

"ठीक आहे," ती म्हणाली, "मी 'पुन्हा' असं एक बटण देते. एक शब्द हवा तितक्यांदा म्हणा. मग चौकटीला बोट लावत गेलात की एकेक पाळीने ऐकू येईल."

आणि खरोखरच दिलं. तिथेच घोडं अडलं. पण अडलेलं दिसलं कुणाला नाही.

झालं होतं ते असं. आवाज ठेवण्यासाठी तिने डिक्शनरी वापरली होती. पायथॉनमधली डिक्शनरी म्हणजे दारामागच्या खुंट्या समजा. प्रत्येक खुंटीवर नाव, आणि एका खुंटीला एकच कोट. दुसरा कोट टांगलात तर पहिला जातो. आवाज न करता जातो, कुणी हटकत नाही, कुणी विचारत नाही. ऑफिसात हेच हवं असायचं. टूथपेस्टच्या खुंटीवर आजचा भाव आला की कालचा गेला पाहिजे. शिळा भाव उरला तर गिऱ्हाईक भांडतं. तिने घाईत ऑफिसातलाच तो तुकडा उचलून घरच्या कामाला जोडला होता. सेटने शब्द एकेरी केलेले, त्यामुळे तेव्हा त्यात चूकही नव्हती. मग बाबांच्या हट्टापायी वर "पुन्हा" बटण आलं, आणि खालच्या खुंट्या तशाच राहिल्या.

नव्या भरतीला ती हेच शिकवायची. वर्गात सर्वांसमोर एका खुंटीवर दोन कोट टांगून दाखवायची, आणि पोरं हसायची.

ध्वनिमुद्रण निजायच्या खोलीत चाले. पंखा बंद, खिडकी बंद, आवाज घुमू नये म्हणून कपाटाची दारं सताड उघडी, टॅब उशीवर. आईला आत यायला मनाई होती. "तिने आत्ता ऐकलं तर नंतर मजा काय?" बाबा म्हणायचे. आई दारावर टकटक करून विचारायची, "अहो, झालं का तुमचं आकाशवाणी केंद्र?" आणि बाबा गंभीर आवाजात म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया फलाटापासून दूर उभं राहावं." दुखणं वाढत होतं. आवाज घोगरा व्हायला लागला होता, मधूनच खोकल्याची उबळ यायची आणि सगळं थांबवावं लागायचं. त्यात डॉक्टरांनी शस्त्रक्रिया अलीकडे आणली. मग ती ऑफिसातून दुपारीच निघून यायला लागली, कानाला हेडफोन लावून, डोळे पडद्यावर ठेवून बसायला लागली.

पडद्यावर आवाजाची हिरवी लाट उठायची. लाट फार उंच गेली की तांबडी व्हायची, म्हणजे आवाज फाटला, परत घ्या. ती लाटेकडे बघायची. मागे कुत्रा भुंकतोय का, खरखर येतेय का, याकडे तिचे कान असायचे. काम चोख व्हावं अशी तिची तळमळ होती, याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

"अगं"ची पाळी आली त्या दिवशी बाबा दाढी करून बसले होते. प्रत्येक हाकेआधी ते डोळे मिटायचे, नाव सांगायचे, मग म्हणायचे. दारातला. हिरवी लाट. शोधाशोधीतला. हिरवी लाट. गुपितातला म्हणताना ते टॅबच्या इतके जवळ गेले की तिला मागे ढकलावं लागलं. उगाचचा त्यांनी पुन्हा पुन्हा घेतला. म्हणायचे आणि मान हलवायचे, जमत नाही.

"बाबा, चांगला होता की. लाट हिरवी आहे."

"तुझी लाट गेली खड्ड्यात."

"पुढचा शब्द घेऊ या ना. अजून निम्मे राहिलेत."

शेवटी एकदा त्यांनी म्हटला आणि स्वतःशीच हसले, म्हणजे जमला. तिने मोबाइलवर ऑफिसचा निरोप वाचता वाचता अंगठा वर केला. "झालं ना? पुढे."

"थांब. भांडणातला राहिला."

"भांडणातला कशाला?"

"अगं, नुसती गोड हाक आली तर तिला मी वाटणारच नाही! कुणी परका घरात शिरला म्हणून ओरडेल." आणि बाबांनी छाती भरून, कपाळाला आठ्या घालून, उभ्या संसारातली सगळी हरवलेली बिलं, उशिरा निघालेली लग्नाची वऱ्हाडं आणि उघडे राहिलेले नळ आठवून हाक मारली. लाट थेट तांबड्याला टेकून आली. दोघंही हसली. मग बाबांना असा खोकला आला की त्या दिवसाचं काम तिथेच थांबवावं लागलं.

सगळं झाल्यावर तिने तपासणी केली. म्हणजे चौकटींना बोटं लावून पाहिली. प्रत्येक चौकट बाबांच्या आवाजात बोलली. तिचे डोळे भरून आले. "अगं"च्या चौकटीला तिने एकदाच बोट लावलं, भांडणातला आला, ती हसली आणि पुढे गेली. दुसऱ्यांदा लावायचं तिला सुचलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती त्या एका बोटापाशी येऊन अडायची. दुसऱ्यांदा बोट लावलं असतं तर कळलं असतं. तेव्हा बाबांना आवाज होता.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. बाबा घरी आले, गळ्याला पांढरी पट्टी, अंगाने अर्धे. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी आधी टॅब मागितला. आई चहा टाकायला आत गेली होती. बाबांनी लेकीकडे बघून डोळा मिचकावला आणि ऐटीत बोट लावलं.

"अगं!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई धावत आली, हात ओला, चेहरा पांढरा. "काय झालं? कुठे दुखतंय?"

बाबांनी हसून नाही नाही अशी खूण केली. दारातला यायचा होता. त्यांनी पुन्हा बोट लावलं.

"अगं!"

पुन्हा.

"अगं!"

"अहो, आले म्हटलं ना! इथेच उभी आहे," आई म्हणाली. "घरात पाऊल टाकलं नाही तोच ओरडायला सुरुवात. आवाज गेला पण सवय गेली नाही." आणि ती हसायला लागली, कारण इतक्या दिवसांनी तो आवाज घरात आला होता आणि हसायचं नाही तर रडावं लागलं असतं. बाबा हसले नाहीत. त्यांनी लेकीसमोर पंजा धरला. पाच बोटं. मग तळहात उलटा केला: कुठे आहेत?

बोटं पाहिली त्याच क्षणी तिला सगळं कळलं होतं. कुठली ओळ, कुठली खुंटी, सगळं. तरी ती म्हणाली, "बघते." लॅपटॉप घेऊन गॅलरीत गेली आणि डिक्शनरी उघडली. "अगं": एक आवाज. "नको": एक. "हो": एक. प्रत्येक नव्या आवाजाने जुन्याला खाली लोटलं होतं, आणि डिक्शनरीला खाली अशी जागाच नसते. तिने कचऱ्याची पेटी पाहिली, तात्पुरत्या फायली पाहिल्या, माहीत असलेले सगळे उपाय केले, माहीत नसलेले शोधून काढून केले. काही नव्हतं. मग तिने चूक दुरुस्त केली. प्रत्येक खुंटीवर आता हवे तितके कोट राहतील अशी सोय केली. एका ओळीचं काम होतं. दुरुस्त केलेल्या प्रोग्रामने सांगितलं की "अगं"च्या खुंटीवर सध्या एक कोट आहे.

आत येऊन तिने बाबांना सांगितलं, "टॅबमध्ये आणायचे राहिलेत. ऑफिसच्या मशीनवर आहेत. आणते." वेळ मारून नेली, झालं. बाबांनी निर्धास्त मान हलवली. लेकीच्या कामावर त्यांचा असा विश्वास की जणू सरकारी शिक्काच.

ते वाट बघायला लागले. ती ऑफिसातून आली की भुवया उंचवायचे. आज सर्व्हर बंद होता. आज विसरले. आज साहेबांनी बसवून ठेवलं. ती एकेक थाप मारायची आणि बाबा ती गिळायचे. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र देऊ केलं होतं, ते बाबांनी एकदा लावून पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "डब्यात अडकलेला भुंगा." ते यंत्र कपाटात गेलं. टॅबवर "पाणी" आणि "उशी" आणि ती सौम्य शिवी रोज चालायची. "अगं"ला मात्र ते बोट लावायचे नाहीत. आईला बोलवायचं असलं की खुर्चीच्या हातावर टकटक करायचे.

एकदा ती ऑफिसला न जाता बसस्थानकावर गेली. बाबांचा आवाज तिथे अजून नोकरीला होता. ती बाकावर बसली आणि वर कर्ण्यातून बाबा बोलायला लागले: फलाट क्रमांक चार, गाडी, उशिराने, कृपया, दिलगीर. ती ऐकत राहिली. किती गाड्या आल्या गेल्या याचं तिला भान नव्हतं. मग ती उठून नियंत्रकाच्या खोलीत गेली. नियंत्रक बाबांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच पिकायला आलेला माणूस होता. त्याने आपुलकीने खुर्ची दिली.

"यंत्रात बाबांचं आणखी काही आहे का? म्हणजे सूचनांखेरीज? एखादी हाक, कुणाशी बोललेलं, 'अगं' वगैरे?"

"'अगं'?" नियंत्रक मनापासून हसला. "अहो ताई, तुमच्या वडिलांनी माइकवर कुणा प्रवासी बाईला 'अगं' म्हटलं असतं तर त्यांची पेन्शन गेली असती!" मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "का हो? तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"बरी आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा बाबांनी भुवया उंचावल्या नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले. तिला वाटलं, कळलं त्यांना. आणि कळूनही त्यांनी विचारलं नाही, हे तिला फार लागलं. त्यांनी ती सौम्य शिवी दाबली असती तर बरं वाटलं असतं.

तरी ती मूग गिळून बसली. कधीतरी सांगूच, असं स्वतःला सांगत राहिली. आणि सांगून तरी काय होणार, असंही.

मग एक दुपार आली. तिघं चहा घेत होती. आई टॅब पुसत होती. ती सगळंच पुसायची, त्यात हाही आला. पुसता पुसता फडकं चौकटीला लागलं आणि घरभर घुमलं, "अगं!"

आई दचकली नाही. टॅब खाली ठेवत ती शांतपणे म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. इतके दिवस दार लावून बसला होतात तुम्ही दोघं. उशीला शब्द, दिव्याला शब्द. आणि माझ्या वाट्याला हा एक ओरडा." ती हसायला गेली, पण तिला ते साधलं नाही. "मी काही म्हणत नाही. मीही कमी भांडले नाही. पण वाटतं कधी कधी, मनात तेवढंच होतं का?"

बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचे ओठ हलले, हात पाटीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटीवर एक ओळ लिहिली असती तर सगळं सरळ झालं असतं. पण त्या ओळीत लेक उघडी पडली असती. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली, जणू आईचंच खरं होतं. लेकीला ते बघवेना.

"आई, पाच होते," ती म्हणाली.

"काय पाच?"

"'अगं' पाच होते. बाबांनी पाच प्रकारे म्हटलं होतं. माझ्यामुळे गेले. बाबांची चूक नाही. माझी आहे."

आईला समजेना. मग लेकीने उठून दारामागच्या खुंटीवर बाबांचा कोट टांगला, तो काढून तिथेच आईची शाल टांगली, वर्गात समजावते तसं समजावलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"म्हणजे खाली पडले?" आई म्हणाली. "मग उचल ना."

"खाली पडत नाहीत आई. नाहीसेच होतात."

"अगं पण एवढा तुझा कंप्युटर, कुठेतरी असतील—"

"शोधले. कुठेच नाहीत."

आई बराच वेळ शालीकडे बघत राहिली. ती रागावेल असं लेकीला वाटलं होतं, निदान रडेल. पण आईच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काही आलं, एखाद्या पोरीसारखी उत्सुकता. तिने खुर्ची पुढे ओढली.

"कोणकोणते होते?"

"दारातला. शोधाशोधीतला. गुपितातला. उगाचचा. आणि हा भांडणातला, हा शेवटी घेतला म्हणून उरला."

"उगाचचा?"

"काम नसताना तुला हाक मारायचे तो."

"हां," आई म्हणाली, आणि तिचा आवाज घसरला. "ते 'काही नाही' म्हणायचे तो." ती बाबांकडे वळली. "तो पण म्हटला होतात?" बाबांनी मान डोलावली. आईने लेकीचा हात धरला. "तू होतीस ना खोलीत? तू ऐकलास ना? मला रोजच्या रहाटगाडग्यात कधी नीट ऐकायचं सुचलं नाही गं. कसा होता तो? म्हणून दाखव."

तिने तोंड उघडलं. तिला हिरवी लाट आठवली. लाटेची उंची आठवली, मागे कुत्रा नव्हता हे आठवलं, मोबाइलवरचा ऑफिसचा निरोप शब्दन् शब्द आठवला. बाबांनी दाढी केली होती, तेही आठवलं. आवाज काही केल्या आठवेना. दोन्ही कानांवर हेडफोन चढवून, हाताच्या अंतरावर बसून, उगाचचा कितीदा तरी तिच्या समोर म्हटला गेला होता, आणि तिने तो ऐकलाच नव्हता.

"अगं," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. असा नाही.

"अगं," ती हळू म्हणाली.

बाबा ओठांचा आकार करून दाखवायला लागले. गळ्याच्या पट्टीतून नुसता वारा येत होता. तिने त्यांच्या ओठांकडे बघून पुन्हा म्हटलं, लांबवून. असा नाही. थोडा हसत. असा नाही. आई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. लेकीचे डोळे वाहायला लागले, आणि पुढचा "अगं" कसाबसा, नाक ओढत, कुठल्याच प्रकारात न बसणारा असा बाहेर पडला.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि होकाराची मान डोलावली. हाच.

हा तो नव्हता. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

आईने डोळे मिटून घेतले होते. "परत म्हण," ती म्हणाली.

"अगं," लेक म्हणाली. आताचा मघाच्यासारखा आला नाही, हे तिचं तिलाच कळलं.

बाबांनी त्यालाही मान डोलावली.